मदत हवी आहे: पीएस५ घ्यावा की एक्सबॉक्स? (सेकंड शिफ्ट, जाणारी लाईट आणि धाकटा भाऊ)

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. प्रश्न कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) घेण्याचा आहे, सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) की मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स, पण माझी खेळायची पद्धत सांगितल्याशिवाय तो कळणार नाही. म्हणून थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

वय ३९. नाशिकला राहतो, अंबड एमआयडीसीत नोकरी. आठवड्याला शिफ्ट बदलते. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात खेळणं जवळपास होतच नाही, कारण संध्याकाळी टीव्ही लेकीचा असतो. सेकंड शिफ्टला रात्री बाराला सुटतो, साडेबारापर्यंत घरी येतो, हातपाय धुऊन झाकलेलं जेवण जेवतो आणि एक ते सव्वादोन खेळतो. घरात सगळे झोपलेले, म्हणून हेडफोन थेट कंट्रोलरला लावतो. गेली आठ वर्षं पीएस४ आहे.

एका वेळी एकच गेम. तो संपल्याशिवाय दुसरा आणत नाही. डिस्क कॉलेज रोडच्या एका दुकानातून घेतो आणि संपली की वरचे पैसे देऊन बदलून आणतो. नव्या मोठ्या गेमला चार-पाच हजार घालणं मला परवडत नाही, त्यामुळे माझं सगळं खेळणं या अदलाबदलीवर चाललंय.

आणि एक वही आहे. शाळेची, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. खेळून झालं की त्यात दोन ओळी लिहितो: तारीख, कुठे थांबलो, पुढे काय करायचं. मध्ये आठवडा-दोन आठवडे गेले की काही आठवत नाही, म्हणून ही सवय लावून घेतली. ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ खेळत होतो तेव्हाचं पान परवा उघडलं. त्या गेमची गोष्ट आपल्याच पश्चिम घाटात घडते, नायिका क्लोईला होयसळांची राजधानी शोधायची असते. मी लिहून ठेवलंय: ‘घाट झाला. क्लोईने गणपतीचा दात कसा तुटला ते सांगितलं, परशुरामाची गोष्ट. उद्या लेकीला सांगायची.’ सांगितलीही.

आता अडचण.

धाकटा भाऊ पुण्यात असतो. त्याच्याकडे एक्सबॉक्स सिरीज एस आहे. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाला, “दादा, ‘स्प्लिट फिक्शन’ दोघांनीच खेळायचा गेम आहे. तुझ्याशिवाय कोणाबरोबर खेळू?” हा गेम मार्च २०२५ ला आला आणि पीएस४ वर आलेलाच नाही. म्हणजे नवं यंत्र घेणं आलं.

आम्ही दोघं शेवटचं नीट बसून कधी खेळलो, तर मामाने १९९६ च्या दिवाळीत आणलेल्या व्हिडिओ गेमवर. जपानच्या फॅमिकॉम नावाच्या कन्सोलची ती नक्कल होती हे फार नंतर कळलं. पिवळी कॅसेट, फुंकर मारून लावायची. ‘कॉन्ट्रा’मध्ये धबधब्याची स्टेज येते, तिथे पडदा फक्त वर सरकतो. एकाने घाईने वर उड्या मारल्या की खाली राहिलेला मरतो. मी दहा वर्षांचा, तो सहाचा. मी कायम वर पळायचो आणि तो खाली मरायचा. रडला नाही कधी, फक्त म्हणायचा, “दादा, थांब ना.”

मोठे झाल्यावर मात्र दोन पार्ट्या पडल्या. मी आधी पीएस२, मग पीएस३. त्याने २०१० ला पहिल्या पगारातून एक्सबॉक्स ३६० घेतला. तो ‘हेलो’चा, मी ‘गॉड ऑफ वॉर’चा. तो गेमरस्कोर (एक्सबॉक्सवर खेळून मिळणारे गुण) मोजायचा, मी ट्रॉफ्या (सोनीवरची तशीच बक्षिसं). ‘गिअर्स ऑफ वॉर’वरून एका दिवाळीत वाद इतका चढला की भाऊबीजेला ताईच्या घरी आम्ही एकमेकांशी बोललो नाही. “हा गेम तुझ्या सोनीवर कधीच दिसणार नाही,” हे त्याचं वाक्य मला झोंबलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये तोच गेम, नव्या रूपात, पीएस५ वर आला. बातमी वाचली आणि पहिला फोन त्यालाच केला.

म्हणून कळकळीची विनंती: सोनी मोठी की मायक्रोसॉफ्ट, हा वाद इथे नको. आमच्या घरात त्याने पंधरा वर्षं खाल्ली.

माझे प्रश्न:

एक, मी पीएस५ घेतला तर धाकट्याच्या एक्सबॉक्सबरोबर काय काय खेळता येईल?

दोन, लाईट. आमच्याकडे शनिवारी तर जातेच, पावसाळ्यात रात्रीही जाते. जुलैमध्ये ‘पर्सोना ५’ खेळत होतो. त्यात महालात शिरल्यावर सेव्ह फक्त ठराविक खोल्यांतच करता येतं. दोन रात्री मी ती खोली न गाठता तसाच रेस्ट मोडला टाकून (म्हणजे यंत्र बंद न करता नुसतं झोपवून) झोपलो. तिसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली आणि दोन रात्रींचं खेळणं गेलं. वहीत त्या तारखेला एकच शब्द आहे: ‘गेलं.’ धाकटा म्हणतो की एक्सबॉक्समध्ये क्विक रिझ्यूम आहे, प्लग काढला तरी गेम जिथल्या तिथे मिळतो. हे खरं असेल तर माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे.

तीन, माझ्याजवळच्या डिस्कांचं काय?

जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

डिस्कवर खेळता ना? मग सिरीज एस विसरा. त्यात डिस्क घालायला जागाच नाही. एक्सबॉक्स घ्यायचाच तर सिरीज एक्स, तोही डिस्कवाला आहे ना हे बघून.

प्रतिसाद २

तुम्ही वाद नको म्हणालात, तरी एक बोलतो. एक्सबॉक्समध्ये आता पैसे घालू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी स्वतःच चार गेम दुसऱ्यांच्या यंत्रांवर द्यायचं जाहीर केलं, मग ‘फोर्झा होरायझन ५’ही गेला. सगळं पीएस५ वर येतंय, तर तो डबा कशाला?

धागाकर्ता

धन्यवाद. पण गेम इकडे यायला लागले हे मला एक्सबॉक्सविरुद्धचं कारण वाटत नाही. उलट त्यामुळेच धाकट्याला त्याचं यंत्र बदलायला न लावता आम्ही एकत्र खेळू शकतो. सोनीही पूर्वी किती अडून बसली होती! ‘फोर्टनाइट’मध्ये पीएस४ वाल्यांना एक्सबॉक्सवाल्यांशी खेळू द्यायला त्यांनी सप्टेंबर २०१८ उजाडवला. तेव्हा मी सोनीच्या बाजूने भांडलो होतो आणि आज ते चुकीचं वाटतं.

प्रतिसाद ३

माझ्याकडे सिरीज एक्स चार वर्षं आहे, म्हणून क्विक रिझ्यूमबद्दल नीट सांगते. तुमचे भाऊ बरोबर सांगतायत, पण अर्धंच.

गेम सोडून तुम्ही बाहेर आलात किंवा यंत्र झोपवलंत की त्या क्षणाची अवस्था एसएसडीवर (यंत्रातल्या कायमच्या साठवणीवर) लिहिली जाते. त्यानंतर लाईट गेली, प्लग काढला तरी ती सहसा टिकते. जुलैमध्ये तुमचं जे गेलं ते एक्सबॉक्सवर बहुधा वाचलं असतं. पीएस५ चा रेस्ट मोड तसा नाही. त्यात गेम मेमरीत धरून ठेवलेला असतो, वीज गेली की तो गेला.

पण खेळता खेळताच लाईट गेली तर? तेव्हा क्विक रिझ्यूमचा काही उपयोग नाही, कारण लिहून ठेवायला यंत्राला वेळच मिळालेला नसतो. तिथे दोन्हीकडे शेवटचं सेव्ह हाच आधार. शिवाय सगळ्या गेमना क्विक रिझ्यूम चालत नाही, ऑनलाइन खेळांना तर धरूच नका. आणि मध्ये गेमचं अपडेट येऊन गेलं तर ठेवलेली अवस्था पुसली जाऊ शकते. मी त्याला सेव्ह मानत नाही, सोय मानते. तुम्हीही फक्त याच एका गोष्टीसाठी बाजू बदलू नका.

प्रतिसाद ४

गेमिंगमधलं फार कळत नाही, पण इन्व्हर्टर-बॅटरीचा धंदा आहे, म्हणून लिहितो.

तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे का? असेल तर त्याच्या मागे किंवा पुढे एक छोटा खटका असतो, यूपीएस आणि नॉर्मल (किंवा इको) असा. बहुतेक घरांत तो नॉर्मलवर असतो. त्यावर लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जरा वेळ लागतो. पंख्याला, ट्यूबला ते कळत नाही, पण कॉम्प्युटर आणि तुमचे हे कन्सोल तेवढ्यात बंद पडतात. खटका यूपीएसवर केला की बदल खूप लवकर होतो आणि यंत्र चालूच राहतं. तोटा इतकाच की व्होल्टेज थोडं खाली-वर झालं तरी तो बॅटरीवर जातो, त्यामुळे बॅटरी जास्त वापरली जाते.

इन्व्हर्टर नसेल तर साधा ६०० व्हीएचा यूपीएस घ्या. तो साधारण ३६० वॉटपर्यंत ओढतो. पीएस५ खेळताना दोनशे वॉटच्या आसपास घेतो, त्यावर टीव्ही धरा. काही मिनिटंच मिळतील, पण सेव्ह करून नीट बंद करायला तेवढी पुरतात. टीव्हीचा प्लगही यूपीएसलाच लावा, नाहीतर कन्सोल चालू आणि पडदा काळा अशी गंमत होते. भावाबरोबर खेळणार म्हणजे वायफायचा राउटरही त्यावरच घ्या.

धागाकर्ता

साहेब, तुमचा प्रतिसाद वाचला आणि लगेच जिन्याखाली जाऊन इन्व्हर्टर बघितला. खटका नॉर्मलवरच होता! सात वर्षं घरात आहे, कोणी सांगितलं नव्हतं. आज सुट्टी आहे, संध्याकाळी करून बघतो.

प्रतिसाद ५

डिस्कांबद्दल. पीएस४ च्या डिस्क पीएस५ वर चालतात, अगदी मोजके गेम सोडले तर सगळे. पण यंत्र डिस्कवालं हवं. नोव्हेंबर २०२३ पासूनच्या सडपातळ मॉडेलमध्ये डिस्क ड्राइव्ह वेगळा काढता-लावता येतो, म्हणजे आज डिजिटल (बिनड्राइव्हचं) घेऊन पुढे ड्राइव्ह जोडता येईल. मात्र पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. तुमचं सगळंच खेळणं अदलाबदलीवर आहे, तेव्हा मी म्हणेन आधीच ड्राइव्हवालं घ्या. पीएस३ च्या डिस्क मात्र चालणार नाहीत.

सेव्ह वायफायवरून किंवा पेनड्राइव्हने नव्या यंत्रावर नेता येतात. ट्रॉफ्या खात्याला जोडलेल्या असतात, त्या कुठे जात नाहीत.

एकत्र खेळायचं म्हणाल तर ‘स्प्लिट फिक्शन’ पीएस५ आणि एक्सबॉक्सवाले मिळून खेळू शकतात, आणि फ्रेंड्स पासमुळे दोघांपैकी एकानेच विकत घेतला तरी चालतो. त्याच कंपनीचा आधीचा ‘इट टेक्स टू’ मात्र असा आरपार चालत नाही, तो चुकून घेऊ नका. नवा ‘गिअर्स’ चालतो. ‘रॉकेट लीग’ फुकट आहे आणि त्याला सोनीच्या प्लसची (ऑनलाइन खेळण्यासाठीची) वर्गणीही लागत नाही. ‘सी ऑफ थीव्ह्ज’ एप्रिल २०२४ पासून पीएस५ वर आहे, त्यातही दोघं एकाच जहाजावर येऊ शकता.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहितो.

संध्याकाळी खटका यूपीएसवर केला. पीएस४ लावला, ‘पर्सोना’ शेवटच्या सेव्हवर ठेवला आणि लेकीला मेन स्विचपाशी उभं केलं. बायकोने फोन धरला होता, धाकटा व्हिडिओवर. “पाड,” म्हटल्यावर लेकीने स्विच पाडला. ट्यूब एकदा लुकलुकली, पंखा जरा मंदावला, आणि कंट्रोलरवरचा निळा दिवा तसाच राहिला. टीव्हीवर पात्रं उभी होती तशीच. धाकटा तिकडून ओरडला. आम्ही तीनदा पाडून बघितलं, तिन्ही वेळा चाललं.

तेव्हा लाईटचा प्रश्न सुटला आणि एक्सबॉक्सकडे वळायचं माझं सगळ्यात मोठं कारणही गेलं. डिस्क ड्राइव्हवाला पीएस५ घेतोय. बोनस दिवाळीआधी होतो, त्यातून. प्रतिसाद ३ मधल्या ताईंनी स्वतः एक्सबॉक्सवाल्या असून इतकं सरळ सांगितलं, त्यांचे विशेष आभार.

धाकट्याला कळवलं. ‘स्प्लिट फिक्शन’ तो घेणार, मी पासवर खेळणार. माझा सेकंड शिफ्टचा आठवडा असेल तेव्हा तो शुक्रवारी रात्री एकपर्यंत माझी वाट बघत जागा राहणार आहे. बाकीच्या आठवड्यांत रविवारी दुपारी, लेक क्लासला गेली की. पहिला गेम मात्र ‘स्प्लिट फिक्शन’ नको म्हणाला, ‘गिअर्स’ हवा म्हणाला. मी हो म्हटलं.

एक शेवटचं विचारतो. ‘गिअर्स’मध्ये दोघांनी मोहीम खेळताना एक पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला तर काय होतं? खेळलेल्या कोणी सांगितलं तर बरं होईल.