कसब आणि कुवत : लार्पच्या मराठीसाठी दोन शब्द हवे आहेत

एका लार्पची नियमपुस्तिका मराठीत आणतोय आणि तिसऱ्याच पानावर अडलोय. लार्प म्हणजे वेश करून, प्रत्यक्ष वावरत, बोलत-धावत खेळायचा भूमिकाखेळ. त्यात 'कौशल्य' हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी येतो. खेळणाऱ्या माणसाला स्वतःला काय येतं, हे एक. तो ज्याची भूमिका करतोय त्या पात्राला नियमांनी काय बहाल केलंय, हे दुसरं. टेबलाभोवती बसून खेळताना हा घोळ फारसा जाणवत नाही. पात्राची ताकद कागदावर आकड्यात असते, फासा पडतो, दार मोडतं. लार्पमध्ये फोमची तलवार माझ्याच हातात असते आणि दमही मलाच लागतो.

मागच्या खेळात माझं पात्र होतं अट्टल घरफोड्या. पेटीला खरंखुरं कुलूप. माझ्या कार्डावर 'कुलूप उघडण्याचं कौशल्य' लिहिलेलं, पण हातात तारा आल्यावर दहा मिनिटं मी नुसता खुडबुडत बसलो. शेजारी एक मैत्रीण जोगिणीची भूमिका करत होती. ती वाकली, तारा घेतल्या आणि बघता बघता कुलूप उघडून मोकळी झाली. पंचांनी पेटी पुन्हा बंद करायला लावली. म्हणाले, "तुझ्या पात्राला हे कौशल्य नाही." ती म्हणाली, "पण मला आहे ना!" दोघांचंही खरं होतं. सध्या मी 'खेळाडू-कौशल्य' आणि 'पात्र-क्षमता' असं जोडकाम केलंय, पण वाचताना घास अडकतो. कुणी सुचवेल का?

---

'क्षमता' नको. उत्पादनक्षमता, आसनक्षमता ऐकून ऐकून तो शब्द यंत्राचा झालाय. 'पात्राची पात्रता' लिहायचा मोह होईल, तोही आवरा, वाचणाऱ्याला अर्जाची अट वाटेल.

माझी जोडी : कसब आणि कुवत. दोन्ही मूळचे अरबी, मराठीत पूर्ण मुरलेले. 'कसब'च्या मुळाशी कमाईचा अर्थ आहे, आपणही ते कष्टानं कमावलेल्या हातोटीलाच म्हणतो. कसब पणाला लागतं, कसबी कारागीर असतो. कुवतीच्या मुळाशी जोर आहे, पण मराठीनं तिला मर्यादेची छटा दिली : 'कुवतीबाहेरचं काम', 'आपापल्या कुवतीप्रमाणे'. नियम पात्राला हेच तर देतात. एवढे वार सोसशील, एवढे मंत्र टाकशील, त्यापुढे नाही. तेव्हा खेळाडूचं कसब, पात्राची कुवत.

---

जोडी आवडली. पण नामांच्या आधी क्रियापदांकडे बघा, हा भेद मराठीनं तिथे कधीच करून ठेवलाय. 'मला पोहता येतं' आणि 'मी पोहू शकतो' ही वाक्यं एक नाहीत. 'मला पोहता येतं, पण आज पोहू शकत नाही, खांदा दुखावलाय' हे आपण सहज बोलतो. 'येणं' म्हणजे अंगात मुरलेली विद्या, 'शकणं' म्हणजे त्या घडीला करायला मोकळं असणं. तुमच्या पेटीजवळ काय झालं? तुमचं पात्र कुलूप उघडू शकत होतं, तुम्हाला उघडता येत नव्हतं. मैत्रिणीला उघडता येत होतं, तिचं पात्र उघडू शकत नव्हतं. पुस्तिकेत जिथे जिथे नियमाची परवानगी आहे तिथे कटाक्षानं 'शकतो' लिहा, निम्मे वाद तिथेच मिटतील.

तिचं काम तुमच्यापेक्षा अवघड होतं, हेही सांगायला हवं. येत असून न येण्याचं सोंग घ्यायचं, म्हणजे वेड पांघरून पेडगावला जायचं आणि तेही दिवसभर.

---

पण कसब आणि कुवत एकमेकांत मिसळतात तिथे काय करणार? कित्येक खेळांत मंत्र टाकायचा म्हणजे धान्य भरलेली कापडी पुडी समोरच्यावर फेकायची. मंत्र पात्राचा, नेम माझा. नेम चुकला तर मंत्र वाया. १९९३ साली आलेल्या 'माइंड्स आय थिएटर' या लार्पच्या नियमपद्धतीत मारामारीचा निकाल दगड-कागद-कात्रीनं लावायचे, त्यामुळे अंगातलं बळ हिशेबातून पार गेलं. नॉर्डिक देशांतल्या बऱ्याच लार्पमध्ये उलटा कल : जे दिसतं तेच खरं, तुम्हाला जेवढं येतं तेवढंच पात्राला.

आणि बोलणं? ते मला सगळ्यांत जास्त सलतं. तलवार न येणाऱ्याला नियम चार वार जास्त सोसू देतात. पण बुजऱ्या मुलीनं वाक्पटू वकिलाची भूमिका घेतली तर दरबारात ती अडखळते आणि सगळे तिच्या पात्रालाच मूर्ख धरतात. 'सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही' म्हणतात, तसंच हजरजबाबीपणाचंही आणता येत नाही. तिला 'माझं पात्र पटवू शकतं' एवढं सांगून पुढे जायची सोय हवी. तसं नसेल तर धीट माणसंच कायम राजे-वकील होतील.

---

सगळ्यांचे आभार. पुडीचा नियम आत्ताच पुन्हा लिहिला : "अग्निमंत्र टाकण्याची कुवत पात्राची, पुडी नेमकी मारण्याचं कसब खेळाडूचं." वकिलासाठी नवा नियम जोडतोय. खेळाडूनं मुद्दा साध्या शब्दांत सांगावा आणि हात छातीवर ठेवावा. खूण दिसली की समोरच्यानं ते उत्तम भाषण ऐकल्यासारखं वागायचं. आता या खुणेला नाव हवंय. 'वाणी' कसं वाटतं?