एकाच देशात घोडे कधी डावीकडे, कधी उजवीकडे का पळतात?

प्रश्न:
जपानच्या डीप इम्पॅक्ट या घोड्याच्या २००५ च्या तिन्ही मोठ्या शर्यती ओळीने पाहिल्या. नाकायामाला घोडे घड्याळाच्या काट्याप्रमाणे पळाले, टोकियोला उलटे, क्योतोला परत काट्याप्रमाणे. दिशेचा काही नियम नाही का? आणि घोड्याला याचा त्रास होत नाही का?

उत्तर १:
सगळ्या जगाला एकच असा नियम नाही. अमेरिकेत घोडे काट्याच्या उलट पळतात. तरी न्यूयॉर्कचं बेलमाँट पार्क १९०५ मध्ये उघडलं तेव्हा तिथे इंग्लंडसारख्या काट्याप्रमाणे शर्यती व्हायच्या, त्या थेट १९२१ पर्यंत. खुद्द इंग्लंडमध्ये एप्समला डावी वळणं, ॲस्कॉटला उजवी. फॉन्टवेलला अडथळ्यांच्या शर्यतीचा एक मार्ग तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आहे, त्यावर दोन्हीकडे वळावं लागतं.

उत्तर २:
मी अकरा वर्षं सकाळच्या सरावाला घोडे पळवलेत. फरक पडतो.

भरधाव घोड्याचा एक पुढचा पाय दुसऱ्याच्या पुढे पडतो, त्याला आम्ही लीड म्हणतो. डाव्या वळणावर डावा लीड हवा, उजव्यावर उजवा. वळण संपून सरळ पट्टी लागली की चांगला घोडा पाय बदलतो आणि राबलेल्या पायाला विसावा देतो. वर बसलेल्याला ते कमरेत कळतं. क्षणभर खोगीर एका बाजूने उचलल्यासारखं होतं, मग लगामाला नवी ओढ लागते.

माझ्याकडे एक तांबूस घोडी होती. डावीकडे अलगद वळायची, पण उजव्या वळणावर रेलिंग सोडून बाहेर बाहेर जायची. सगळे तिला हट्टी म्हणायचे, चाबूकही खायची बिचारी. मला ते पटेना. एका सकाळी मी फक्त तिचे खांदे बघत बसलो. उजव्या वळणावरसुद्धा ती डावाच पाय पुढे टाकत होती. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा मागच्या डाव्या पायाच्या सांध्यात दुखणं निघालं. उजव्या लीडवर प्रत्येक झेप त्याच पायावरून सुरू होते, म्हणून ती तो टाळत होती. इतके दिवस ती सांगत होती आणि आम्ही तिला मारत होतो.

उत्तर ३:
दोन्हीकडे सारखीच पळणारी घोडी बघायची तर ऑस्ट्रेलियाची विंक्स बघा. सिडनीला घोडे काट्याप्रमाणे पळतात, मेलबर्नला उलटे. तिने मेलबर्नच्या मूनी व्हॅलीत कॉक्स प्लेट ही शर्यत २०१५ पासून सलग चार वर्षं जिंकली, आणि २०१९ मध्ये सिडनीच्या रँडविकला सलग तेहतिसावा विजय मिळवून निवृत्त झाली.

प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे आभार. त्या तांबूस घोडीचं पुढे काय झालं?

उत्तर २:
उपचार झाले, दोन महिने विश्रांती दिली. मग आधी चालवत, नंतर हळू दुडक्या चालीने उजवीकडे. पुन्हा भरधाव सोडली त्या दिवशी तिने वळणाच्या तोंडाशी आपणहून उजवा पाय पुढे टाकला आणि रेलिंगला धरून वळली. मी लगाम नुसता हातात धरला होता.