भीती म्हणजे दुर्बलता नव्हे
कोविड महासाथीच्या काळातील लोकांची भीती ही निव्वळ मनाची दुर्बलता होती, असे मत काही जण मांडतात; ते मला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये नमूद केले की पहिल्याच वर्षात चिंता आणि नैराश्याचे प्रमाण जगभरात सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. इतकी माणसे एकाच वेळी दुर्बल होत नसतात. ठाण्यात १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय असूनही ‘ठाण्याला पाठवा’ या टोमण्यामुळे (तो आपण सर्वांनीच ऐकला आहे) झोप उडालेला, छातीत धडधडणारा माणूस तिथली पायरी चढायला कचरतो, हे मला फार क्लेशदायक वाटते. अशांना टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मध्यरात्रीही मराठीतून बोलता येते.