सायलो ट्रिप : एका दिवसात??

मंदार: फायनल प्लॅन. फुटबॉलच्या ग्रँड फायनलच्या सुट्टीत शनिवारी पहाटे 5 ला निघायचं. मूळ सहाही सायलो, म्हणजे धान्याच्या उंच कोठारांवरची ती चित्रं, बघून रात्री 11 पर्यंत घरी. 👍

शुभा मावशी: हे कोणी ठरवलं? काल रात्रीपर्यंत तर दोन दिवसांचं चाललं होतं. पहिल्या सायलोचं गाव रुपन्यपच मेलबर्नहून 300 किमी आहे. पुढे शेवटच्या पॅचवोलॉकपर्यंत 200 किमीचा ट्रेल, आणि मग तेवढं सगळं परत यायचं. आईचं वय 74 आहे, मंदार.

अण्णा: संध्याकाळनंतर तिकडे गाडी नको. कांगारू आडवे येतात.

वैशाली वहिनी: मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी करते.

रोहन: वहिनी, जास्त करा. मागच्या वेळी जिलाँगलाच संपले 😂

वैशाली वहिनी: मागच्या वेळचे पैसेही दोघांकडून अजून यायचेत. नावं घेत नाही.

रोहन: पाठवतो म्हटलं होतं ना वहिनी.

वैशाली वहिनी: हो, मार्चमध्ये म्हटलं होतंत.

मंदार: विषय सायलोचा चाललाय. मावशी, चित्र बघायला किती वेळ लागतो? उतरायचं, फोटो काढायचा, पुढे.

अण्णा: संध्याकाळनंतर तिकडे गाडी नको.

शुभा मावशी: मंदार, मी ट्रेलवरच्या ब्रिमला जाऊन आले आहे, म्हणून सांगते. 1939 चे काँक्रीटचे सायलो, वापर बंद झालेला. चित्रकार ग्विडो व्हॅन हेल्टनने 2016 च्या सुरुवातीला त्यावर चार शेतकरी रंगवून पूर्ण केले. या ट्रेलची सुरुवातच तिथून झाली. सपाट रानात ती माणसं लांबूनच दिसायला लागतात आणि गाडी जवळ जाईल तशी मोठी होत जातात. रंग इतके फिके की काँक्रीटमधूनच वर आल्यासारखी वाटतात. अगदी पायथ्याशी गेलं तर चेहरा हरवतो, नुसते फटकारे दिसतात. मग मागे मागे सरकत यायचं, आणि एका जागी डोळे पुन्हा डोळे होतात. मी तिथे तासभर उभी होते. शीप हिल्सच्या सायलोवर ॲडनेट या चित्रकाराने ताऱ्यांच्या आकाशाखाली तिथल्या आदिवासी समाजातले दोन वडीलधारे आणि दोन मुलं काढली आहेत. नातवंडांना ते उभं राहून बघू दे. खिडकीतून नको.

रोहन: मावशी 🙏 पण सुट्टीत मोटेल मिळेल का?

मंदार: तेच म्हणतोय. आणि रविवारी माझं काम आहे, हे आधीच सांगितलं होतं. कोणी वाचतच नाही.

शुभा मावशी: वाचलं रे. म्हणूनच शुक्रवारी निघू म्हणते. शुक्रवारी रात्री ट्रेलवरच्याच वॉरॅकनाबील गावात मुक्काम, शनिवारी उरलेले बघून उजेडात परत.

अण्णा: कांगारूंचं कोणी लक्षात घेत नाहीये.

वैशाली वहिनी: अण्णा, घेतलंय.

आजी (शुभाच्या फोनवरून): शुभाने फोटो दाखवला. त्यातली बाई उन्हात उभं राहायची सवय असलेली वाटते. तिकडे मसूर पिकतो म्हणाली. आपल्याकडे वर्षानुवर्षं निवडला, पण शेत कधी पाहिलं नाही. मला मसुराचं रान बघायचंय. अंधारात नेऊ नका.

मंदार: बरं आजी. शुक्रवारी सकाळी 7. रोहन, वॉरॅकनाबीलला फोन कर.

रोहन: करतो. तीन खोल्या?

वैशाली वहिनी: तीन. आणि पैसे आधी.

अण्णा: शनिवारी 4 ला परत फिरायचं. संध्याकाळनंतर गाडी नको.

शुभा मावशी: 2 लाच फिरू, भावजी.