विषय: रि: वहिनी, भाड्याचं तुम्ही बघा

शहापूरची वहिनी लिहिते:

भावजी, राग मानू नका पण काल रात्री तुमची मेल वाचली आणि झोपच लागली नाही. 40 माणसांचा सैपाक मी करते म्हटलं, पीठ-तूप आमचं, आणि वर "वहिनी, भाड्याचं तेवढं तुम्ही बघा"?? टिळकवाडीतल्या हॉलचं भाडं आमच्याच गळ्यात घालायचं होतं तर फोन करून सांगायचं की, अख्ख्या लिस्टवर कशाला. आमचे हे म्हणालेत देऊन टाकू, चार दिवस सुट्टीला आलोय, वाद नको. मी देणार नाही.

सेक्रेटरी:

अहो वहिनी!! भांड्याचं हो, भांड्याचं! पातेली, परात, झारा. सांबऱ्याला विमानतळावर उतरून बॅगेची वाट बघत एका हातानं टाइप करुलालो होतो, टिंब राहिलं. भाडं मंडळानं कधीच भरलंय. आणि आमचा फोन पण असा हाय की मी "करुलालो" लिहिलं की न विचारता "करू लागलो" करून ठेवतो, आपली बेळगावची भाषा त्याला चूक वाटते, आणि भाड्याचं मात्र गपचूप जाऊ दिलं, कारण त्याच्या लेखी तोपण बरोबरच शब्द की.

निपाणीचे काका:

मास्तरकी सुटत नाही म्हणून लिहितो. आम्ही शाळेत नांव, गांव, बेळगांव असंच शिकलो. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी बोलण्यात नसलेली टिंबं काढून टाकली, गावावरचं टिंब गेलं तरी गाव होतं तिथंच राहिलं (2014 ला त्याचं बेळगावी झालं तो विषय वेगळा, तो इथं कुणी सुरू करू नका). भांड्याचं टिंब मात्र आपण नाकात स्पष्ट बोलतो, ते कुठल्या नियमानं जाणार?

आणि रोमनमधनं टाइप करणाऱ्यांनो, डी दाबला की द पण येतो आणि ड पण. मी नातवाला 2 किलो कुंदा आण म्हणून लिहिलं, फोननं केला कुंडा. पोरगं बाहेर वाढलेलं, खडेबाजारात मिठाईच्या दुकानासमोरनं दोनदा गेलं आणि दोन किलोचा कुंडा कुठं मिळतो म्हणून प्लास्टिकवाल्यांना विचारत फिरलं.

वहिनी:

अगंबाई! रात्रभर ह्यांना पण झोपू दिलं नाही हो मी. भावजी, चुकलं. पातेली आणते, मोठी परात जावेकडं हाय ती घेऊन येते. मांडे जमायचे नाहीत, त्याला उलटं खापर लागतं आणि हातावर मांडा फिरवणारं माणूस पण लागतं, पुरणपोळ्याच करते. फक्त ते 40 लिहिलंय ते 40च नव्हं? मागं एखादं शून्य राहिलं असलं तर आत्ताच सांगा, दुपारी डाळ आणायला जाणार आहे.