मदत हवी आहे: दुसरी ४०१७ जोडली की दोन एलईडी पेटतात

कमानवाला: ५५५ (टायमर आयसी) आणि एका ४०१७ (दहापर्यंत मोजणारी काउंटर आयसी) वर रनिंग लाइट मस्त पळतो. लांबी वाढवायला पहिलीची पिन १२ दुसरीच्या १४ ला दिली. आता दोन्हीकडे एकेक एलईडी पेटलेला, आणि दुसरीकडचा ढिम्म! मध्येच कधीतरी एक घर सरकतो. आयसी बदलून झाली. गणपती तोंडावर आलेत, थिअरी नको, जोडणी सांगा.

रोहित्र: एलईडी किती? सप्लाय? पिन १३ आणि १५ कुठे जोडल्यात?

वायरमन_नाना: १३ मोकळी असणार, पैज लावतो. १३, १५ ग्राउंडला टाका आणि पिन १६-८ मध्ये आयसीला खेटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

कमानवाला: नाना, ते केलंय. ९६ लाल एलईडी, १२ व्होल्ट अडॅप्टर.

पिक्सेलपंत: कशाला हा खटाटोप? अ‍ॅड्रेसेबल पट्टी (प्रत्येक एलईडी वेगळा चालवता येणारी) आणि आर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड घ्या. तीन वायरी, हवा तो रंग.

वायरमन_नाना: त्या पट्टीला ५ व्होल्ट लागतात, लांब टाकली की शेवटी रंग पिवळट. त्यांनी ४०१७ विचारलंय.

रोहित्र: कमानवाला, आयसी बरोबर वागतेय. पिन १२ म्हणजे दहाचा हातचा. पहिली दहा घरं (आउटपुट) चालली की दुसरी एक चालते.
एकच ठिपका पळवायचा तर पहिलीची ११ तिच्याच १३ ला द्या (१३ ग्राउंडवरून काढून). ५५५ चं क्लॉक (ठोके) आणि ही ११, दोन्ही ४०८१ आयसीच्या एका अँड गेटमधून (दोन्ही इनपुट हाय तरच आउटपुट हाय) दुसरीच्या १४ ला. दुसरीची ११ दोन्ही १५ ना; तिथलं ग्राउंडही काढा. पहिलीची ९ घरं आणि दुसरीची ८ घरं (तिची पिन ३ वगळून), एकूण १७. ९६ साठी असं करत बसू नका. एकाच ४०१७ वर चार चॅनल करा: १, ५, ९ नंबरचे एलईडी सिरीजमध्ये, सोबत ३९० ओहमचा रेझिस्टर, अशा आठ माळा एका चॅनलला.

सोल्डरभाऊ: प्रत्येक चॅनलला एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर पुरेल.

रोहित्र: नाही पुरणार. माळेला साधारण १३ मिलिअँपिअर, आठ माळांचे शंभरावर. ५४७ ची मर्यादाच १००. यूएलएन२००३ ही ड्रायव्हर आयसी लावा: तिची पिन ८ ग्राउंडला, ९ मोकळी.

गजर: गाण्याच्या ठेक्यावर लुकलुकायला माइकचं सर्किट हवंय का कुणाला?

वायरमन_नाना: कुणीही मागितलेलं नाही.

कमानवाला: चारच घरं कशी करू? आणि वेग?

रोहित्र: ४०१७ च्या पिन ३, २, ४, ७ या क्रमाने चार चॅनल. पिन १० थेट १५ ला, १३ ग्राउंडला. ५५५ ला १ के आणि ४७ के (किलोओहम) रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरड कपॅसिटर: सेकंदाला सुमारे १५ पावलं. ४७ के ऐवजी १० के आणि त्याच्या सिरीजमध्ये १०० के चा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावलात तर वेग हाताने लावता येईल.

सोल्डरभाऊ: यूएलएन मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्यायची की पुण्यात बुधवार पेठेत मिळेल?