पतीला पहिल्यांदाच गरवायला न्यायचे आहे: जागा, भरतीची वेळ आणि पहिला मासा याविषयी सल्ला हवा

देवगडची लेक:

नमस्कार. माझे माहेर देवगड तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावात आहे आणि गरवण्याची, म्हणजे गळाने मासे धरण्याची, विद्या मला वडिलांकडून मिळाली. शाळेत असल्यापासून त्यांच्याबरोबर खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, जाऊन तांबोशी आणि गोबरे हे मासे काढले आहेत. गळ बांधणे, तंगूस (गळाची दोरी) तपासणे, पाण्याचा रंग पाहून जागा बदलणे हे सारे हाताला इतके सवयीचे झाले आहे की ते कोणाला शिकवायचे कसे, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

माझे पती मूळचे लातूरचे. लग्नाला दोन वर्षे झाली. मासे ते आता आवडीने खातात. परंतु त्यांनी स्वतः कधी मासा पकडलेला नाही, मारलेला तर नाहीच. मागील खेपेस मी पहाटे एकटीच निघाले तेव्हा त्यांनी आपणहून विचारले, ‘पुढच्या वेळी मी येऊ का?’ तेव्हापासून मला फार आनंद झाला आहे आणि तितकीच काळजीही लागली आहे. डिसेंबरच्या अखेरीस आम्ही आठ दिवस गावी असू.

माझ्या मनात तीन शंका आहेत. पहिल्याच दिवशी त्यांना माझ्या नेहमीच्या खडपावर न्यावे, की खाडीच्या मुखाशी वाळूवर? भरतीची कोणती वेळ धरावी? आणि तिसरी शंका मला सर्वांत जड वाटते. मासा हाती आल्यावर त्याला मारण्याचा जो क्षण असतो, त्यासाठी ज्याने तो कधी पाहिलेला नाही अशा माणसाची तयारी कशी करावी? वडील आता नाहीत, म्हणून येथील जाणत्यांना विचारत आहे.

खाडीकाठ:

ताई, आपण तिसरी शंका विचारलीत याचे समाधान वाटले, कारण नवख्याला नेणारे बहुतेक जण केवळ जागेची आणि सामानाची चौकशी करतात. तिच्याकडे शेवटी येतो. आधी जागा आणि वेळ.

खडपावर पहिल्या दिवशी नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या पायांना शेवाळ कोठे आहे आणि कालवांची धार कोठे आहे हे न पाहता कळते. त्यांच्या पायांना ते कळणार नाही, आणि ज्याचे सारे लक्ष तोल सांभाळण्यात गुंतले आहे त्याला तंगुसावरची टोच जाणवत नाही. खाडीच्या मुखापासून थोडे आत, जेथे वाळू आहे आणि प्रवाह अंगावर येत नाही, अशी जागा निवडावी. अगदी मुखाशी मात्र उभे करू नये. ओहोटीचे पाणी तेथून बाहेर पडताना फार ओढ घेते आणि पायाखालची वाळूही बघता बघता सरकते.

वेळेसाठी आपल्या वडिलांनी तिथीचा हिशोब शिकवला असेलच. तरी इतर वाचकांसाठी लिहितो. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ तासांत येते. नवमीला नऊ गुणिले पाऊण म्हणजे पावणेसात, त्यामुळे भरती पावणेसातच्या सुमारास पूर्ण होते. गावागणिक त्यात थोडा फरक पडतो, पण हिशोब उपयोगी आहे. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तास ते 50 मिनिटांनी पुढे सरकते. डिसेंबरअखेरीस आपल्या सुटीत अष्टमी, नवमी किंवा दशमी येत असेल तर तीच निवडावी, आणि तीही संध्याकाळची. दुपारी साडेबाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी झालेली असते, तेव्हा तेथे जाऊन उघडी पडलेली जागा त्यांना चालून दाखवता येते: येथे खळगा आहे, येथे दगडांची रांग आहे, भरती आली की मासे या वाटेने आत येतील. चार वाजता तीच जागा पाण्याखाली गेलेली त्यांना दिसेल. पाणी वाचणे म्हणजे काय, हे तोंडी सांगून कळत नाही. जमीन पाण्याखाली जाताना पाहिली की कळते. शिवाय त्या दिवसांत भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते आणि पाण्याला जोर कमी असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मासे अधिक लागतात हे खरे आहे, परंतु पहिल्या दिवशी ती हाव सोडावी.

मासा म्हणाल तर मुडदुशी धरावी, जिला रत्नागिरीकडे रेणवी म्हणतात. लहान गळ, थोडे शिसे आणि सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा पुरेसा होतो. ती वाळूच्या तळावर थव्याने फिरते, त्यामुळे एक लागली की दुसरी लागण्याची आशा असते. बोय पाण्यात कितीही उड्या मारताना दिसली तरी तिच्या मागे लागू नये. ती शेवाळ आणि गाळातले बारीक अन्न खाते, कोळंबीकडे सहसा वळत नाही. नवखा माणूस डोळ्यांसमोर मासे दिसत असूनही लागत नाहीत म्हणून उगाच खट्टू होतो, यासाठी हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

आता मारण्याविषयी. तो क्षण त्यांच्यावर अकस्मात येऊ देऊ नये. आदल्या दिवशी घरी बसून शांतपणे सांगावे की मासा ठेवायचा असेल तर तो तडफडत मरू द्यायचा नाही; डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्यावर, लाकडी दांडक्याचा एकच नेमका घाव घालायचा, लगेच कल्ले कापून रक्त जाऊ द्यायचे आणि मासा बर्फात ठेवायचा. यात त्याचे हाल कमी होतात आणि मांसही चांगले राहते. पहिला मासा आपण मारून दाखवावा. दुसरा त्यांनी मारावा की नाही, हे त्यांना ठरवू द्यावे, आणि ‘नको’ म्हणाले तर त्यावर एक शब्दही बोलू नये. माझ्या मुलाने पहिल्या वर्षी एकही मासा स्वतः मारला नाही. मी एकदा आग्रह केला होता, त्याची मला आजही खंत आहे, कारण त्यानंतर बरेच महिने तो माझ्याबरोबर आला नाही.

कातळशिल्पी:

खाडीकाठ यांच्याशी मी आदरपूर्वक असहमत आहे. गरवण्याची खरी ओढ रात्रीच्या खडपावर तांबोशी लागते तेव्हाच कळते. ती दगडाच्या कपारीत शिरू पाहते, आणि पहिल्या दोन-तीन क्षणांत तिला वळवले नाही तर तंगूस तुटलाच म्हणून समजावे. मला माझ्या काकांनी पहिल्याच रात्री तेथे नेले आणि मी या छंदाचा कायमचा झालो. जोडीदाराला आपल्या आवडीचे मूळ दाखवायचे असेल तर ते सौम्य करून का दाखवावे?

घाटावरची सून:

मी या प्रश्नातील पतीच्या जागी होते, म्हणून लिहिते. माझे माहेर सातारा जिल्ह्यातले, सासर रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीलगत. यजमानांनी मला पहिल्याच वेळी रात्री खडपावर नेले होते. समुद्र शांत दिसत होता. अर्ध्या तासाने एक मोठी लाट आली आणि मी गुडघ्यांवर पडले. दोन्ही तळहात कालवांनी फाटले. कोकणच्या किनाऱ्यावर वारा नसतानाही दूरच्या समुद्रात उठलेल्या लाटा येऊन पोहोचतात, हे मला नंतर कळले. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा लाटांच्या सूचना प्रसिद्ध करते. आता ती पाहिल्याशिवाय आम्ही घराबाहेर पडत नाही. खडपावर उतरण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे वर उभे राहून सर्वांत मोठी लाट कोठवर येते ते पाहतो आणि समुद्राकडे पाठ करत नाही. त्या रात्री यातले काहीच केले नव्हते. कातळशिल्पी यांचा अनुभव खरा आहे, परंतु त्यांच्यासारखे जे टिकले तेच आज त्याविषयी लिहीत आहेत.

ताईंना आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. त्या दिवशी आपली गरी, म्हणजे गळ-दोरीचे सामान, घरी ठेवा. दोघांकडे गऱ्या असल्या की आपल्याला भराभर मासे लागतात, त्यांना लागत नाहीत, आणि मग मदत म्हणून आपण त्यांच्या हातातली गरी घेता. माझ्या यजमानांनी माझा पहिला मासा असाच स्वतः ओढून काढला. त्यांचा हेतू चांगला होता, पण तो मासा माझा झाला नाही. सुटला तरी चालेल. ज्याच्या हाती लागला त्याच्या हातूनच सुटू द्या.

आणि शेंगटी या माशाविषयी आधीच बजावून ठेवा. पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन असे तिचे तीन काटे विषारी असतात आणि नवखा माणूस हमखास तिला मुठीत धरायला जातो. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावी, म्हणजे वेदना उतरते. तरीही डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. थर्मासमध्ये गरम पाणी बरोबर असू द्या. पाण्यात उतरताना पाय उचलून न टाकता वाळूवर घासत चालायला सांगा, म्हणजे तळाशी बसलेली, शेपटीला विषारी काटा असलेली पाकट आधीच बाजूला होते.

खाडीकाठ:

गरी घरी ठेवण्याचा सल्ला माझ्याकडून राहून गेला होता; तो अत्यंत योग्य आहे.

परत सोडण्याविषयीही त्यांच्याशी बोलावे. राज्य शासनाने 2023 साली 54 जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे. तो नियम गरीवाल्यांनीही मनापासून पाळावा असे मला वाटते. मोठ्या माशांचीही गोष्ट आहे. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, म्हणजे सर्वांत मोठे जिताडे बहुधा अंड्यांवर येणाऱ्या माद्याच असतात. गोबऱ्याचे याच्या उलट, तो आधी मादी आणि मग नर. हे ऐकले की हातातल्या माशाकडे पाहण्याची नजर बदलते. सोडायचा मासा ओल्या हाताने धरावा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

देवगडची लेक:

सर्वांचे मनापासून आभार. सुटीत शुद्ध नवमी येत आहे, तीच धरली आहे. सूर्य मावळल्यावर चांदणेही मिळेल. दुपारी ओहोटीला जागा चालून पाहू, चारला गरी टाकू आणि अंधार पडल्यावर तासाभरात परतू. खडपाचा विचार पुढच्या वर्षी.

काल रात्री पतींना मारण्याविषयी सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की पहिल्या माशाच्या वेळी तू मला सांगत राहा, पण दांडके माझ्याच हाती दे. त्या क्षणी जमले नाही तर मी तुला देईन. वडिलांचे चिंचेच्या लाकडाचे दांडके माहेरी माळ्यावर आहे. आईला ते काढून ठेवायला सांगितले आहे.